काष्ठमौन आणि पाहुणे कलाकार

आप्पासाहेब सकाळी साडेनऊला फाटक लोटून आत आले, तेव्हा गोदूबाई तुळशीपाशी बसून फुलवाती करत होत्या. लक्ष वातींचा नेम होता. त्यांनी मान वर केली, ओठांवर आलेलं हसू आतल्या आत गिळलं आणि पुन्हा कापसात डोकं घातलं.

"बसा आप्पासाहेब," झोपाळ्यावरून बाळाचार्य म्हणाले. "तिचं मौन आहे. बारा वाजेपर्यंत."

"असू दे की! मी बोलतो, वहिनी ऐकतील. आमच्या घरात रोज हेच चालतं, फक्त गप्प मी असतो."

आप्पासाहेबांचं दाजीबानपेठेत कापडाचं दुकान. पायरी चढलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने उतरू द्यायचं नाही, ही तीन पिढ्यांची शिकवण. केशवापुरातल्या लोकगीत मंडळाचे ते अध्यक्ष आणि गोदूबाई कार्यवाह. अध्यक्षाने हार घालून घ्यायचे आणि कार्यवाहाने हारांपासून खुर्च्यांपर्यंत सगळं बघायचं, अशी कामाची वाटणी अकरा वर्षं सुखाने चालली होती.

"काय आहे वहिनी, आमचे जावई पुण्याहून यायलेत. मुकुलराव. लोकगीतं गिटारवर बसवतात. ऑगस्टच्या कार्यक्रमात पाहुणे कलाकार म्हणून घालूया का त्यांना? तुम्ही नको म्हणालात तर राहिलं."

गोदूबाईंच्या बोटांतली वात अर्धवट वळलेलीच राहिली. ऑगस्टचा पाहुणा ठरलेला होता. एकच होता, आणि तो एकच राहावा म्हणून त्यांनी देवापुढे हात जोडले होते.

"बोला की. नको?"

"अहो, ती कशी बोलेल?" बाळाचार्यांनी चष्मा कपाळावर चढवला. शाळेत तीस वर्षं संस्कृत शिकवल्यामुळे साधं उत्तर देणं त्यांना जड जाई. "साधं मौन नव्हे हे, काष्ठमौन आहे. लाकडासारखं. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, लिहून दाखवायचं नाही. भुवईसुद्धा उडवायची नाही."

"म्हणजे त्या नको म्हणत नाहीत?"

बाळाचार्यांनी बायकोकडे नीट निरखून पाहिलं. "म्हणत तर नाही."

"मग आयतु, ठरलं!" आप्पासाहेबांनी तुळशीला नमस्कार केला, त्याच झटक्यात गोदूबाईंनाही केला, आणि ते निघून गेले.

आता या मौनाची हकिकत सांगायला हवी. गोदूबाई जन्माच्या भिडस्त. 'नाही' हा शब्द त्यांच्या जिभेवर कधी चढलाच नाही. घरात गालिचा नव्हता, पण गालिचा झाडायचं यंत्र होतं. ते विकायला आलेला मुलगा उन्हातून आला होता म्हणून. शेजारणीला दिलेलं पुरणयंत्र सात वर्षं शेजारणीकडेच होतं, आणि होळीच्या आदल्या दिवशी गोदूबाई ते तिच्याकडून मागून आणत, दुसऱ्या दिवशी धुऊन परत करत. भीड भिकेची बहीण म्हणतात. गोदूबाईंच्या घरी ती सख्खी नणंद होऊन राहिली होती. म्हणून यंदा आषाढी एकादशीला चातुर्मासाचा नेम धरताना त्यांनी मनाशी विचार केला, की स्नानापासून बारापर्यंत काष्ठमौन धरावं. पुण्य तर लागेलच, आणि निदान अर्धा दिवस तरी आपल्या तोंडून कुणाला 'हो' जाणार नाही.

देवाने त्यांचं म्हणणं शब्दशः ऐकलं. 'हो' तोंडून जाईना. ते आता तोंड न उघडताच जाऊ लागलं.

बाराचा ठोका पडला तशी त्यांनी 'श्रीकृष्णार्पणमस्तु' म्हणून मौन सोडलं आणि धावत जाऊन फोन लावला.

"आप्पासाहेब, मी काय म्हणत होते..."

"बोला वहिनी!"

"नाही म्हणजे... तुमच्या आईंचा गुडघा कसा आहे?"

गुडघ्याचं झालं, कंबरेचं झालं, धाकट्या नातवाच्या दातांचं झालं. शेवटी गोदूबाई मुद्द्याच्या जवळपास येताहेत असं पाहून आप्पासाहेबच म्हणाले, "आणि हो, जावयांचं नाव फळ्यावर घालून आलो मगाशीच! तुमच्याएवढं अक्षर छान नाही, पण मोठं काढलंय."

गोदूबाईंनी फोन ठेवला आणि तिथेच बसल्या. फळ्यावर नाव चढलं म्हणजे संपलं.

मंडळाचा कार्यक्रम महिन्याच्या तिसऱ्या रविवारी सकाळी दहा ते बारा, एका मंगल कार्यालयाच्या मागच्या सभागृहात होई. कार्यालयाच्या फाटकाशी एक काळा फळा टांगलेला असे. वर 'आगामी पाहुणे कलाकार' एवढं पक्क्या रंगात, खाली खडूने नावं. पहिल्याच वर्षी एका सनईवाल्याचं नाव पुसून कुण्या दुसऱ्याचं घातलं होतं. तो बिचारा नवलगुंदहून आला, फळा वाचला, आणि सनईची पिशवी काखेत मारून आत न येताच परत गेला. तेव्हा मंडळाने ठराव केला, की फळ्यावर चढलेलं नाव त्याचं गाणं-वाजवणं झाल्याशिवाय कुणीही पुसायचं नाही. ठराव लिहिला होता गोदूबाईंनीच.

आणि त्याच फळ्यावर, जावयांच्या वर, गोदूबाईंच्या वळणदार अक्षरात एक नाव आधीपासून होतं : लक्कव्वा, कलघटगी. जात्यावरची गाणी.

लक्कव्वाचं गाणं गोदूबाईंनी ऐकलं होतं ते भिंतीपलीकडून. कलघटगीला नात्यातलं लग्न होतं, मागच्या पडवीत हळद दळायला घेतली होती, आणि सत्तरीची एक बाई जात्याचा खुंटा धरून गात होती. दोन ओळी मराठी, दोन ओळी कन्नड. जसं पीठ पडेल तसं. गोदूबाई हातातलं अक्षतांचं ताट घेऊन तशाच उभ्या राहिल्या होत्या, आणि मंडपात अक्षतांवाचून मंगलाष्टकं थांबली होती. गेल्या वर्षी त्यांनी तिला मंडळात बोलावलं. पण मानाचं गाणं शेवटी, असा मंडळाचा शिरस्ता. आधीच्यांनी आपापलं गाणं इतकं लांबवलं की लक्कव्वाची पाळी यायच्या आत बारा वाजले आणि पुढच्या समारंभाचे आचारी पातेली घेऊन सभागृहात शिरले. नवी कडक साडी नेसून, मांडीवर पिशवी घेऊन दोन तास बसलेली लक्कव्वा उठली आणि म्हणाली, "असू दे की अक्का." एवढंच. आणि बसला गेली.

ते 'असू दे की' गोदूबाईंच्या काळजात वर्षभर रुतून होतं. यंदा त्या स्वतः कलघटगीला गेल्या, दारात उभं राहून लक्कव्वाचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "या खेपेला तू गाणारच. माझा शब्द आहे तुला." लक्कव्वा जमिनीकडे बघत म्हणाली, "तुमच्या मनात असंल तर येते की." शब्द दिला तो दिला, देवाला दिलेला आणि लक्कव्वाला दिलेला, दोन्ही गोदूबाईंना सारखेच.

जावयांचं एक नाव वाढलं एवढ्याने आभाळ कोसळणार नव्हतं. पण केशवापुरात बातमी फिरायला वेळ लागत नाही. गोदूबाईंकडे काही मागायचं असेल तर बाराच्या आत जावं, असं दोन दिवसांत सर्वतोमुखी झालं.

तिसऱ्या दिवशी मागच्या दाराने लीला आली. पुरणयंत्रवाली शेजारीण ती हीच.

"गोदूअक्का, आमच्या टिपऱ्यांच्या अकरा जणी. कधीच्या मागे लागल्यात, मंडळात एकदा घाला म्हणून. साड्यासुद्धा घेऊन झाल्या एकसारख्या, मोरपंखी. मी म्हटलं, साड्या घेतल्यावर अक्का नाही कशी म्हणेल?"

गोदूबाई देवाची उपकरणी घासत होत्या. त्यांनी तांब्यावर चिंच अशी काही जोराने घासली की तांब्या सोन्यासारखा झाला. पण तोंड लाकडाचं, भुवई लाकडाची. होता होता डोळ्यांत पाणी मात्र आलं. ते काही लाकडाचं ऐकेना.

"अय्यो, रडताय कशाला अक्का!" लीलानेही डोळ्यांना पदर लावला. "एवढा आनंद होईल तुम्हाला असं वाटलं नव्हतं बाई मला." आणि डोळे पुसत ती थेट फळ्याकडे गेली.

त्याच आठवड्यात गुरुप्रसाद आला. गोदूबाई शाळेत शिकवत होत्या तेव्हाचा त्यांचा विद्यार्थी. आता नोकरी करून डोळ्ळूचं पथक चालवायचा. डोळ्ळू म्हणजे गळ्यात अडकवून नाचत वाजवायचे पिंपाएवढे ढोल, आणि ते बारा.

"टीचर, तुम्ही आत्ता बोलू शकत नाही, माहीत आहे मला. म्हणूनच आलो."

"बारानंतर ये की रे," बाळाचार्य म्हणाले.

"नको सर. बारानंतर टीचर विचार करतील."

आता मात्र गोदूबाईंनी ठरवलं की उत्तर द्यायचं नाही तर समोर थांबायचंही नाही. त्या उठल्या, देवघरात गेल्या आणि दार लावून घेतलं. गुरुप्रसाद बाहेर हात जोडून उभा. आत गोदूबाईंनी संतापाच्या भरात आरतीची घंटा हातात घेतली आणि, देवा, तूच यांना काही सांग, असं मनाशी म्हणत खणखणा वाजवली.

"कौल मिळाला!" गुरुप्रसादने उंबऱ्यावर डोकं ठेवलं. "टीचर देवाला विचारून आल्या सर! आपल्या पथकाला असा मान कुणीच दिला नव्हता."

बाळाचार्यांनी देवघराच्या बंद दाराकडे पाहिलं. घंटा वाजली हे खरं होतं, आणि तिचा अर्थ काय लावायचा हे त्यांनी शिकवलेल्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

शनिवारी दुपारी गोदूबाईंनी हिशेब मांडला. दोन तास म्हणजे एकशेवीस मिनिटं. तिघांना वीस वीस दिली तर लक्कव्वाला पूर्ण तास राहतो. त्यांनी तिघांनाही फोन केले. गुडघे, दात, सासवा, बढत्या सगळ्यांची चौकशी करून शेवटी अत्यंत मऊ आवाजात विचारलं, "वीस मिनिटांत होईल का हो?" तिघेही म्हणाले, "होईल की!" 'हो' म्हणणं सोपं असतं म्हणून तिघांनी म्हटलं असेल, पाळायचं म्हणून नव्हे, हा विचार त्यांच्या मनात आला नाही. त्यांना वाटलं, जग आपल्यासारखंच आहे.

रविवारी सकाळी सभागृह भरलं. साडेनऊच्या बसने लक्कव्वा आली. हिरवी कडक साडी, मांडीवर पिशवी. तिसऱ्या रांगेत, बाजूच्या दाराजवळची खुर्ची तिने धरली. गोदूबाईंनी लांबूनच तिच्याकडे डोळे भरून पाहिलं. हसता येत नव्हतं, मौन चालू होतं.

मुकुलरावांनी गिटार सुरात लावायला पंधरा मिनिटं घेतली. मग लोकगीत म्हणजे काय यावर बोलले. लोकगीत हे लोकांचं असतं, असं त्यांनी तीन प्रकारे सांगितलं. मग गायले, आणि चांगलं गायले हो, पण पहिल्या गाण्याला टाळ्या पडल्या तिथे घात झाला. "अजून एक!" असं कुणीतरी तिसऱ्या रांगेतून ओरडलं. गोदूबाईंनी वळून पाहिलं तर लक्कव्वा. मुकुलराव विरघळले आणि अजून दोन गायले.

'काय मोठं मन बाईचं,' गोदूबाईंच्या मनात आलं. 'स्वतःची वेळ जातेय आणि दुसऱ्याचं कौतुक करतेय.'

मग टिपऱ्या. अकरा जणी मोरपंखी साड्यांत आल्या तेव्हा व्यासपीठ नऊ जणींचंच आहे असं लक्षात आलं. दोघी खाली नाचल्या. वरच्यांनी आणि खालच्यांनी अदलाबदल करायची असं मग ठरलं, कारण फोटोत सगळ्या वर यायला हव्या होत्या. म्हणजे तेच गाणं दोनदा. त्यातही लक्कव्वाने टाळ्या पिटल्या. "फार छान! पुन्हा एकदा करा की पोरींनो!" पोरींचं सरासरी वय पंचावन्न होतं. त्यांनी पुन्हा केलं.

डोळ्ळूची आधी पूजा झाली. हळद, कुंकू, फुलं, बारा ढोलांना बारा नारळ. मग पहिला ठोका पडला तशी भिंतीवरची दोन घड्याळं एकदम बंद पडली, आणि पलीकडच्या दालनात ज्या बाळाचं बारसं होतं त्याने असा टाहो फोडला की त्याचं नाव काय ठेवलं ते त्याच्या आत्यालाही ऐकू आलं नसेल. पथक नाचलं, उडालं, एकमेकांच्या खांद्यांवर चढलं. लोक भान हरपून बघत होते. गोदूबाई मात्र बाळाचार्यांच्या मनगटाकडे बघत होत्या. चालू घड्याळ आता तेवढंच होतं. अकरा चाळीस.

अजून वीस मिनिटं होती. वीस मिनिटांत चार गाणी होतील. गोदूबाईंनी सुटकेचा श्वास घेतला, आणि तेवढ्यात आप्पासाहेब शालींचा गठ्ठा घेऊन व्यासपीठावर चढले.

त्यांनी जावयांना शाल घातली. जावयांच्या वडिलांबद्दल बोलले. लीलाला घातली, आणि अकरा जणींना एक शाल बरी दिसत नाही म्हणून दुकानातून आणखी दहा मागवल्या आहेत, वाटेत आहेत, असं सांगितलं. गुरुप्रसादला घातली. दारात आचाऱ्यांची पहिली कढई दिसली. अकरा पन्नास.

गोदूबाई उठल्या. आपण का उठलो हे त्यांनाही कळलं नाही. पाय व्यासपीठाकडे निघाले.

"या या वहिनी!" आप्पासाहेबांचा चेहरा फुलला. "ज्यांनी हे सगळे पाहुणे गोळा केले त्या आपल्या कार्यवाह!" त्यांनी गोदूबाईंना शाल घातली, हातात नारळ दिला. टाळ्या झाल्या. "वहिनींनी दोन शब्द बोलावेत... अरेच्चा, त्यांचं मौन आहे नाही का! हरकत नाही. त्यांच्या मनातलं मला सगळं कळतं. त्यांच्या वतीने मीच पाच मिनिटं बोलतो."

"नाही."

ध्वनिक्षेपक गोदूबाईंच्या तोंडाजवळ होता. आवाज नेहमीसारखाच मऊ होता, पण तो सभागृहाच्या चारही कोपऱ्यांत जाऊन आला. पहिल्या रांगेत बाळाचार्य ताडकन उभे राहिले. आचाऱ्याने कढई खाली ठेवली.

"काय म्हणालात वहिनी?"

"नाही म्हणाले. तुम्ही बोलायचं नाही. आता लक्कव्वा गाणार." गोदूबाईंनी तिसऱ्या रांगेकडे हात केला. "लक्कव्वा, ये गं."

तिसऱ्या रांगेत, दाराजवळची खुर्ची रिकामी होती.

दोन वर्षांचा अपमान सहन न होऊन ती निघून गेली, असंच गोदूबाईंना वाटलं. नारळ आप्पासाहेबांच्या हातात कोंबून त्या बाजूच्या दाराने धावल्या. बोळ ओलांडला, आणि स्वयंपाकघराच्या पडवीत थबकल्या. बारशाच्या बायकांमध्ये मांडी ठोकून लक्कव्वा केळीची पानं पुसत बसली होती. इतकी रमलेली, की जणू तिच्याच घरचं बारसं.

"लक्कव्वा! अगं चल, तुझी पाळी!"

लक्कव्वाच्या हातातलं पान गळून पडलं. "अक्का... तुम्ही बोलायल्या? तुमचं मौन न्हवं का?"

"मोडलं. तुझ्यासाठी मोडलं गं."

"अय्यो यव्वा!" लक्कव्वाने कपाळाला हात लावला. "कशाला मोडलंत हो! दहा मिनटं थांबायला काय झालं होतं!"

"म्हणजे?"

लक्कव्वाने इकडेतिकडे पाहिलं, गोदूबाईंचा हात धरून त्यांना खांबाआड नेलं आणि हळूच म्हणाली, "मी द्यामव्वाला नवस बोलले होते. पाळी येऊ देऊ नको, पाच नारळ देते म्हणून."

"येऊ देऊ नको?"

"एवढ्या लोकांपुढं माझ्यानं तोंड उघडत न्हाई हो अक्का. जातं असलं तरच गाणं येतंय मला, आणि समोर भिंत लागते. मागल्या वर्षी बी बोलले होते नवस. तेव्हा पावली की देवी! किती खुशीत गेले घरी."

"पण तू 'असू दे की' म्हणालीस..."

"मग काय म्हणू? लई बरं झालं म्हणू?"

"आणि आज सगळ्यांना अजून एक, अजून एक म्हणत होतीस ती..."

"वेळ खायला पाहिजे न्हवं कुणीतरी." लक्कव्वा जरा लाजली. "त्या ढोलवाल्या पोरांनी मात्र उपकार केले बघा."

"अगं मग मी घरी आले तेव्हाच 'नाही' का नाही म्हणालीस?"

"तुम्ही एवढ्या मोठ्या, मास्तरीणबाई. बसनं माझ्या दारात आला. हात धरला. तुम्हाला कसं न्हाई म्हणायचं?" लक्कव्वाने मान खाली घातली. "माझ्या तोंडातनं यायलाच न्हाई तो शब्द. कधीच येत न्हाई."

गोदूबाईंनी तिची हनुवटी धरून वर केली. साठ वर्षं आरशात न दिसलेलं काहीतरी त्यांना पडवीतल्या त्या खांबाआड दिसलं, आणि एकदम हसू फुटलं. लक्कव्वा आधी घाबरली, मग तीही हसायला लागली. बारशाच्या बायकांना वाटलं, यांच्यातलंच कुणीतरी काहीतरी चावट बोललं.

"बस तू पानं पुसत," डोळे टिपत गोदूबाई म्हणाल्या. "मी बघते."

त्या आत गेल्या. पुन्हा ध्वनिक्षेपकासमोर उभ्या राहिल्या.

"लक्कव्वा गाणार नाहीत."

"घसा बसला काय?" आप्पासाहेबांनी विचारलं. कारण पुरवायची त्यांना दुकानातली सवय. एरवी गोदूबाईंनी आनंदाने घसा घेतला असता.

"घसा चांगला आहे. त्यांना गायचं नाही."

"पण वहिनी, फळ्यावर नाव आहे त्यांचं! ते तर पुढच्या वर्षी पुन्हा..."

गोदूबाई पायऱ्या उतरल्या, फाटकाशी गेल्या आणि पदराच्या टोकाने ते नाव स्वतः पुसलं. आप्पासाहेब, लीला, गुरुप्रसाद, सगळे मागे येऊन उभे होते. ठराव मोडला म्हणून कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, पण ठराव ज्यांनी लिहिला त्यांनाच काय सांगायचं?

"वेळ उरलाच आहे तर," मुकुलराव मागून पुढे सरले, "मी एक छोटंसं..."

"नाही," गोदूबाई म्हणाल्या.

आणि बारा वाजले.

कलघटगीची बस साडेतीनची होती. तोवर लक्कव्वा गोदूबाईंच्या घरी जेवली. चातुर्मासातला दही वर्ज्य असलेला महिना, म्हणून ताक-भात, मुगाची आमटी आणि पुडीची कोरडी चटणी. जेवून दोघी मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसल्या. सूप हलत होतं, खडे टिचकीने बाजूला पडत होते. समोर लीलाच्या घराची मोकळी भिंत. कुणी कुणाला काही सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही, आणि लक्कव्वा गाऊ लागली :

"सरलं माझं दळण, पीठ भरलं सुपात,
बोलले न्हाई कुणा, ते गं तुझिया कानात."

मग कन्नड, मग पुन्हा मराठी. माहेरचं, सासरचं, मेलेल्या बहिणीचं, पाटलाच्या वांड म्हशीचं. बाळाचार्य ऐकायला म्हणून दारात आले तशी ती गप्प झाली. गोदूबाईंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं; ते आल्या पावली परत फिरले आणि आतल्या खोलीत भिंतीला कान लावून बसले. एक तास कसा गेला ते कळलं नाही. तांदूळ कधीच निवडून झाले होते. दोघी निवडलेलेच पुन्हा निवडत होत्या.

निघताना लक्कव्वाला एकच कोडं पडलं होतं. "पाळी आली खरी, पण मी गायले न्हाई. मग नारळ किती द्यायचे हो?" बराच विचार करून तिने स्वतःच निकाल दिला. "अडीच देते. देवीनं अर्धंच काम केलंय."

संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर गोदूबाई झोपाळ्यासमोर येऊन बसल्या. चेहरा उतरलेला.

"अहो, माझं मौन मोडलं. प्रायश्चित्त काय ते सांगा."

"दहा मिनिटं!" बाळाचार्य हळहळले. "फक्त दहा मिनिटं राहिली होती गं." मग त्यांनी चष्मा पुसला, दोन पोथ्या उघडल्या, मिटल्या, आणि बायकोकडे पाहिलं. चाळीस वर्षांत या बाईने आपल्याला कशाकशाला हो म्हटलं, ते बहुधा त्यांना एकेक आठवत असावं.

"विष्णुस्मरण कर. मौनभंगाला तेवढं पुरे," ते म्हणाले. "पण माझं ऐकशील तर नेमात भर घाल. मौन आहे तसं राहू दे. कार्तिकीपर्यंत रोज, बारानंतर, कुणाला तरी एकदा 'नाही' म्हणायचं. स्पष्ट. आईच्या गुडघ्याची चौकशी न करता. जमेल?"

गोदूबाईंनी मनापासून विचार केला.

"नाही," त्या म्हणाल्या.

"झालं! आजचं झालं!" बाळाचार्यांनी टाळी वाजवली आणि झोपाळ्याला समाधानाचा एक झोका दिला. "छान. आता त्या आनंदात मला अर्धा कप कॉफी दे बघू."

"नाही."

"अगं, आजचं झालं ना?"

"हे उद्याचं," गोदूबाई म्हणाल्या, आणि कापूस घेऊन वाती वळायला बसल्या.